घर तुमचं, गिझर माझा!

'काय गं, गिझर पण काढतीस?'

स्टुलावर चढलेल्या प्लंबरचा हात तिथंच थांबला. दारात घरमालक काका. राजारामपुरीतल्या त्या वन-बीएचकेत मी चार वर्षं काढली, भाडं एकदाही चुकवलं नाही, गणपतीत काकूंच्या हातचे मोदकही हक्कानं हाणले. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता आणि तीस हजारांचं डिपॉझिट अजून काकांकडंच होतं.

'काका, गिझर मी घेतलाय. बिल आहे माझ्याकडं.'

'असूदे की. पण एकदा भिंतीला लागलं, की ते घराचं झालं बघ.'

गिझर, दोन पंखे, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन, पडद्यांचे रॉड, खिडक्यांच्या मच्छरजाळ्या… सगळंच भिंतीला नाही तर छताला लागलेलं. म्हणजे मी काय फक्त गादी घेऊन जायचं?

प्लंबरला चहा पाजून परत पाठवला आणि रात्री वकील असलेल्या चुलतभावाला फोन लावला. तो आधी मनसोक्त हसला. मग म्हणाला, 'तुझे काका इंग्लंडचा जुना कायदा सांगतायत.' जमिनीला जे जोडलं ते जमिनीच्या मालकाचं, हे तिकडचं जुनं तत्त्व. आपल्याकडं ते सरसकट लागू होत नाही, असं कलकत्ता हायकोर्टानं १८६६ मध्येच सांगून ठेवलंय. पुढं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये, भाडेकरूला स्पष्ट हक्क मिळाला : स्वतः जोडलेली वस्तू काढून न्या. पण तीन अटींवर. करारात किंवा तिथल्या रिवाजात वेगळं काही ठरलेलं नसावं. जागा जशी मिळाली होती तशी परत करावी. आणि काय काढायचं ते ताबा आपल्याकडं असेपर्यंतच काढावं.

ही शेवटची अट नीट वाचा. शिरोली एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्रानं 'रविवारी येऊन एसी नेतो' म्हणत शनिवारीच किल्ली देऊन टाकली. एसी अजून तिथंच आहे. नवे भाडेकरू गार हवा खातायत.

(एसी काढायचाच असेल तर मेकॅनिक बोलवा. तो मशीन चालू ठेवून गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, मग पाइप सोडतो. सरळ पाना लावला तर गॅस हवेत आणि नवा भरायचा खर्च आपल्या बोकांडी.)

'पण थांब, तुझा करार कसला आहे?' भावानं विचारलं. अकरा महिन्यांचा, दर वेळी नवा. म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. तिथं गोम आहे. कलम १०८ हे लीजवाल्या भाडेकरूसाठी. लायसन्सवाल्यांना लागतो १८८२ चाच ईझमेंट कायदा, आणि तो परवाना रद्द झाल्यावर जागा सोडायला आणि 'ठेवू दिलेलं' सामान हलवायला वाजवी वेळ देतो, इतकंच. ठेवू दिलं होतं की नाही, हे सिद्ध कशावरून करणार? करारावरून. महाराष्ट्रात २००० पासून हा करार लेखी आणि रजिस्टर्ड असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. माझा रजिस्टर्ड होता, फक्त त्यात गिझरचा 'ग' पण नव्हता. आपण सगळे भाड्याचा आकडा वाचतो आणि खाली अंगठा उठवतो, हे मान्य करूया.

२०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात आहे खरं, पण पंधरा लिटरच्या गिझरसाठी कोण जाणार?

सकाळी बिलं घेऊन खाली गेले. गिझर आणि एक्झॉस्टची बिलं पाहून काका जरा नरमले. मच्छरजाळ्या मी आपणहून सोडल्या. त्या खिडकीच्या मापानं कापलेल्या, दुसरीकडं कुचकामी. अंगणातला कढीपत्ता मी लावलेला. मातीत रुजलेलं झाडही कायद्याच्या भाषेत 'जमिनीला जोडलेलं'च, म्हणजे नेता आला असता. पण काकूंची रोजची फोडणी त्यावर. तो विषयच काढला नाही.

'पंखे ने,' काका म्हणाले, 'पण आमचा हॉलमधला जुना पंखा होता तो लाव.'

इथं माझी विकेट पडली. तो करकरणारा तपकिरी पंखा मी माळ्यावर टाकला होता आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकला होता. दीडशे रुपयांत! जागा जशी मिळाली तशी परत करायची, ही अट मी रात्रीच ऐकली होती. ती मालकाच्या बाजूची आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं.

टेम्पोवाल्याला थांबवून उद्यमनगर गाठलं. एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं दुरुस्त केलेला पंखा मिळाला, नऊशेला. येताना व्हाइट सिमेंटची पुडी आणली आणि गिझरच्या बोल्टची भोकं स्वतः बुजवली. रंग जुळला नाही, तो भाग चंद्रासारखा पांढरा दिसत होता. काकांनी प्रत्येक बटण दाबून पाहिलं, पांढऱ्या डागांचे पाचशे कापले आणि बाकीचं डिपॉझिट मोजून दिलं. किल्ली मी त्यानंतरच दिली. काकूंनी कढीपत्त्याची जुडी हातात ठेवली.

संध्याकाळी कळंब्याच्या नव्या फ्लॅटचं दार उघडलं आणि सवयीनं बटण दाबलं. काहीच नाही. मोबाइलचा टॉर्च छताकडं धरला. पंखे तर नव्हतेच, बल्बचे होल्डरही नव्हते. काळी टेप गुंडाळलेल्या वायरी तेवढ्या लोंबत होत्या.

आधीच्या भाडेकरूंकडं बिलं असणार.