घरातील मध : तो का बिघडतो व कसा राखावा

मध कितीही वर्षे ठेवला तरी नासत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ही समजूत अगदीच निराधार नाही; परंतु ती अर्धी आहे. पिकलेला, नीट काढलेला आणि कोरड्या भांड्यात घट्ट बंद केलेला मध वर्षानुवर्षे टिकतो, हे खरे. कच्चा, पोळे पिळून काढलेला आणि दमट हवेत सैल झाकणाखाली राहिलेला मध एका पावसाळ्यातच आंबतो, हेही तितकेच खरे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी औषधापुरता तरी मध असतोच. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रस्तुत लेखकास हा धडा घरीच मिळाला. महसूल खात्यात कारकुनी करीत असताना एका वैशाखात ओळखीच्या गृहस्थांकडून मेळघाटातील दोन किलो मध घेतला. मुलीचे पहिले बाळंतपण चांदूरास आमच्या घरी व्हावयाचे होते. बाळाच्या गुटीस व बाळंतिणीच्या औषधास घरात खात्रीचा मध असावा, असा वडील मंडळींचा आग्रह होता. बरणी धुतली, पण घाईत पुरती वाळू दिली नाही; झाकणही सैल होते. पोळ्याच्या सुमारास बरणी उघडून पाहतो तो वर पांढरा फेस, आत बारीक बुडबुडे आणि ताडीसारखा आंबूस वास! भेसळीचा माल गळ्यात बांधला, असे म्हणून आम्ही त्या गृहस्थांस मनसोक्त दोष दिला. पुढे चौकशी केली तेव्हा दोषाचा मोठा वाटा आमच्याच पदरी आला.

मध का टिकतो व का आंबतो

फुलातील मकरंदात पाण्याचा अंश पुष्कळ असतो. पंखांनी वारा घालून माशा तो उडवितात आणि पाणी सुमारे २० टक्के किंवा त्याहून कमी झाले म्हणजे त्या घरावर मेणाचे झाकण बसवितात. हे झाकण म्हणजे मध पिकल्याची माशीने आपल्या दप्तरी केलेली नोंदच होय. अशा मधात शर्करा इतकी दाट असते की त्यात पडलेल्या सूक्ष्म जीवांच्या अंगचे पाणीच ती ओढून घेते. शिवाय मध आम्लधर्मी असतो. या दोन कारणांनी तो स्वतःचे रक्षण करतो.

परंतु दाट शर्करेतही तग धरणारे किण्व, ज्यांस यीस्ट म्हणतात, ते मधात थोडेबहुत असतातच. पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर ते निपचित पडून राहतात. पाणी २० टक्क्यांच्या वर गेले की ते वाढू लागतात आणि शर्करेपासून मद्यार्क व कर्बवायू तयार करतात. फेस येतो तो या वायूचा, आणि वास येतो तो मद्यार्काचा व त्यातून पुढे होणाऱ्या आम्लाचा.

आता हे जादा पाणी येते कोठून? मध हवेतील ओलावा शोषून घेतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असली तर सुमारे १८ टक्के पाण्याचा मध जसाच्या तसा राहतो. हवा त्याहून दमट असली की तो पाणी पिऊ लागतो. आपल्या वऱ्हाडात चैत्र-वैशाखात हवा कोरडी ठणठणीत असते, पण आषाढापासून भाद्रपदापर्यंत ती दमट असते. उन्हाळ्यात निर्दोष असलेला मध पोळ्यास फसफसतो, याचे इंगित हेच.

मध घेताना काय पाहावे

आपल्या भागात आग्या, सातेरी, फुलोरी व पोया या माशा आढळतात, आणि पेट्यांतून मेलिफेरा ही परदेशी माशीही पाळली जाते. माशी कोणतीही असो, मध कसा काढला यावर तो किती टिकेल हे पुष्कळसे अवलंबून असते. सबंध पोळे हाताने पिळले तर झाकण न बसलेला कच्चा मध, परागकण व अळ्यांचा रस हे सर्व एकत्र होते; असा मध पातळ व लवकर आंबणारा असतो. झाकण बसलेला भाग तेवढाच वेगळा कापून, चिरून व फडक्यातून गाळून घेतलेला मध टिकाऊ होतो. पेटीतील चौकटी यंत्रात फिरवून मध काढल्यास पोळेही वाचते. आपल्या चांदूरापासून रेल्वेने जवळच असलेल्या वर्ध्यास १९३४ साली गांधीजींनी स्थापिलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाचा पुरस्कार केला होता. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराजवळील मांघर या गावास २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला, तोही याच धंद्याच्या जोरावर.

मध पातळ आहे की दाट, हे तराजूने कळते. पाण्याच्या मानाने पिकलेला मध सुमारे १.४ पट जड असतो. ज्या बाटलीत पाणी बरोबर ५०० ग्रॅम मावते, तीत त्याच खुणेपर्यंत मध भरल्यास त्याचे वजन ७०० ग्रॅमांच्या खाली येऊ नये. खाली आल्यास पाणी जास्त आहे असे समजावे व तो मध पावसाळ्यासाठी न ठेवता आधी संपवावा. वजन करताना फेस निवू द्यावा, नाही तर हिशेब चुकतो.

मात्र या परीक्षेने भेसळ कळत नाही, कारण साखरेचा दाट पाकही तितकाच जड भरतो. पाण्यात थेंब टाकणे, वात भिजवून पेटविणे, कुत्र्यास हुंगावयास देणे या घरगुती परीक्षांवरही विसंबू नये. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ छापांचा मध तपासला, तेव्हा सर्व कसोट्यांस अवघे ३ उतरले. आणि भेसळीच्या पाकांपैकी काही तर नेहमीच्या प्रयोगशाळेतील कसोट्यांसही चुकवून जातात, असे त्या वेळी उघड झाले. जेथे प्रयोगशाळा फसते तेथे वातीचा काय पाड? ओळखीच्या माणसाकडून, शक्य तर आपल्या डोळ्यांदेखत काढलेला मध घेणे, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग होय.

रवा धरलेला मध टाकू नये

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत मध तळाशी दाणेदार होऊ लागला की ‘साखर निघाली’ म्हणून पुष्कळ लोक तो फेकून देतात. ही मोठी चूक आहे. मधात द्राक्षशर्करा व फलशर्करा अशा दोन मुख्य शर्करा असतात. त्यांपैकी द्राक्षशर्करा थंडीत, विशेषतः १४ अंश सेल्सिअसच्या सुमारास, कणरूपाने वेगळी होते. ज्या मधात ती अधिक असते तो लवकर थिजतो. मोहरीचा व सूर्यफुलाचा मध तसा आहे. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. याच कारणाने मध शीतकपाटात ठेवण्याची गरज नाही. तेथे तो उलट लवकर रवा धरतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कण खाली बसले म्हणजे वरच्या पातळ भागात पाण्याचे प्रमाण वाढते आणि तोच भाग प्रथम आंबतो. म्हणून अर्धवट थिजलेला मध तसाच न ठेवता बरणी ऊन पाण्यात ठेवून हलक्या हाताने ढवळावा. पाण्यात बोट सुखाने बुडवून ठेवता येईल इतकाच उष्मा, म्हणजे ४० ते ४५ अंश, पुरे. मध चुलीवर कढवू नये. तापविलेला मध आयुर्वेदानेही वर्ज्य सांगितला आहे. फार उष्णतेने मध काळवंडतो आणि त्याचा सुवास व गुण उणे होतात. आपल्याकडील टिनपत्र्याच्या खोलीत वैशाखातील दिवस काढले तरी तोच परिणाम सावकाश घडतो. आंबलेला मध कढवून पुन्हा मूळचा होत नाही, हेही सांगून ठेवतो.

भांडे व जागा

मध आम्लधर्मी असल्यामुळे तांब्याच्या, लोखंडाच्या, जस्ताच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये; धातू मधात उतरतो. काचेची वा चिनी मातीची बरणी उत्तम. स्टीलचा डबाही चालेल. बरणी धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. एका मोठ्या बरणीपेक्षा लहान बाटल्या गळ्यापर्यंत भरून घट्ट बुचे लावावीत व एका वेळी एकच उघडावी. चमचा नेहमी कोरडा असावा. जागा सावलीची, चुलीपासून व ओल्या भिंतीपासून दूर असावी. बाटलीवर मध काढल्याचा महिना व गावाचे नाव लिहून ठेवावे.

येथे एक कळकळीची सूचना आहे. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली कितीही वेळा धुतली तरी तीत मध, तेल वा कोणताही खाद्यपदार्थ भरू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट आपण विसरलेलो नाही. जे विष श्वासाने व कातडीतून भिनते, ते धुतलेल्या बाटलीतून पूर्ण गेले असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

तान्ह्या मुलास मध देऊ नये

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगत आहे. आमचा पहिला मध आंबला तेव्हा बाळासाठी आम्ही दुसरा आणला. माहितीच्या माणसाने समोर काढून दिलेला, दाट व निर्मळ. नात जन्मली. तिच्या जिभेस मध लावण्यासाठी घरातील वृद्धांनी बोट पुढे केले, तोच डॉक्टरीणबाईंनी हात धरला. त्या म्हणाल्या, “मध चांगला असो की वाईट, वर्ष पुरे होईपर्यंत एक थेंबही नको.” त्या वेळी आम्हास हे बोलणे रुचले नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत मोडताना कोणास बरे वाटते? परंतु त्यांचे म्हणणे पूर्ण खरे होते.

मातीत व धुळीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असतात आणि ती मधातही येऊ शकतात. मधात ती वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. घरगुती उकळण्यासही ती दाद देत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांस थारा मिळत नाही. तान्ह्या मुलाचे आतडे तितके तयार नसल्यामुळे तेथे ती रुजतात व तीव्र विष निर्माण करतात. हा रोग १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. शौचास न होणे, दूध ओढण्यास बळ नसणे, रडणे क्षीण होणे, पापण्या ढळणे, मान व अंग लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. पुढे श्वासही बंद पडू शकतो. असे काही दिसताच क्षणाचाही विलंब न लावता मूल इस्पितळात न्यावे आणि मध दिला असल्यास तो सांगावा, लपवू नये. मध शुद्ध आहे, रानातला आहे, म्हणून हे भय टळत नाही. गुटी उगाळण्यासही तो वापरू नये. पहिले सहा महिने आईचे दूध हेच बाळाचे अन्न व तेच त्याचे औषध.

आमच्या घरी तो मध अखेर बाळाच्या आईच्या जिभेस लावून संस्कार पुरा केला. वृद्धांचेही समाधान झाले. नात वर्षाची झाल्यावर त्याच बाटलीतला मध तिने प्रथम चाखला. मधला एक पावसाळा बुचाखाली काढूनही तो जसाचा तसा होता.

तात्पर्य, मधास पाण्यापासून जपावे आणि तान्ह्या बाळास मधापासून जपावे. यंदा घरात येणाऱ्या मधाच्या बाटलीवर महिना लिहिताना ‘एक वर्षाखालील मुलास देऊ नये’ हे शब्दही प्रत्येक वाचकाने आपल्या हाताने लिहावेत, एवढीच विनंती आहे.