सिकलसेल, रोजंदारी आणि नव्या औषधांचे अर्थशास्त्र : गोंदिया परिसराच्या अनुषंगाने

आरोग्यावरील व्यय हा उपभोग समजावा की गुंतवणूक, हा अर्थशास्त्रातील जुना वाद होय. १९६२ साली सेल्मा मश्किन यांनी आरोग्याला गुंतवणुकीचा दर्जा देणारे विवेचन केले आणि १९७२ मध्ये मायकेल ग्रॉसमन यांनी त्याला गणिती रूप दिले. ग्रॉसमन यांच्या मांडणीनुसार प्रत्येक मनुष्य आरोग्याचा काही साठा घेऊन जन्मास येतो. वयाबरोबर तो झिजतो, आणि औषधोपचार, आहार, विश्रांती यांनी त्याची काही अंशी भर होते. या साठ्याचे उत्पादन म्हणजे निरोगी दिवस. हे दिवस मनुष्य कामासाठी वापरतो व वेतन मिळवितो. नव्या औषधाचे मूल्य ठरविताना पुष्कळ अभ्यासक हाच धागा पकडतात : औषधाने किती कामाचे दिवस वाचले, त्या दिवसांचे वेतन किती, आणि ते औषधाच्या परिव्ययाहून अधिक आहे की नाही.

हे गणित ज्या समाजात घडले तेथे मजूर कामावर येतो किंवा येत नाही, आणि त्याची नोंद हजेरीपुस्तकात होते. गोंदिया जिल्ह्यातील श्रमाचे स्वरूप पाहिले म्हणजे या गृहीताची अडचण ध्यानात येते. सिकलसेल या रोगाचे उदाहरण त्यासाठी विशेष उपयुक्त आहे.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी या रोगाचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषाने होतो असे दाखविले. मध्य भारतातील आढळाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि तेव्हापासून विदर्भ हा या रोगाचा मोठा प्रदेश म्हणून ओळखला जातो. मातापित्यांपैकी एकाकडूनच दोष आला तर मनुष्य ‘वाहक’ ठरतो आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोघांकडून आला तर रोग होतो. वाहकाला तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. जंगल आणि हिवताप यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हा दोष का टिकून राहिला, याचा उलगडा त्यावरून होतो. रोग्याच्या रक्तपेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात आणि हाडे, सांधे, पोट यांत असह्य वेदना उत्पन्न करतात. ज्या अवजाराने येथे धान कापला जातो, त्याचाच आकार या पेशींनी घ्यावा, हा योगायोग म्हणावयाचा.

वेदनेचा असा झटका कशाने येतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शरीरातील पाणी कमी होणे, कडक ऊन अथवा गारठा, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग ही त्याची परिचित कारणे होत. आता जिल्ह्यातील कामांचा वार्षिक क्रम पाहावा. मे महिन्यात तेंदूपानांची तोडणी असते. भल्या पहाटे जंगलात शिरावे लागते आणि परतेपर्यंत ऊन चढलेले असते. पाने पुड्यांच्या मोजणीवर विकली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी; चिखलात पाय रोवून, पावसात भिजत, दिवसभर वाकून काम करावयाचे. म्हणजे मजुरी ज्या आठवड्यांत अधिक मिळते, तेच आठवडे रोग्यास सर्वांत घातक. आजारामुळे काम बुडते हे खरे, पण काम केल्यामुळे आजार उद्भवतो हेही तितकेच खरे. ज्याला ऊन आणि चिखल टाळता येत नाही, तो आपल्या आरोग्याचा साठा विकूनच मजुरी मिळवीत असतो. मजुरी व आरोग्य यांचा परस्परसंबंध मोजणाऱ्या समीकरणात कार्यकारणाची ही दुहेरी दिशा वेगळी केली नाही, तर येणारा गुणांक निरर्थक ठरतो.

बिडीकामात अडचण निराळी आहे. भंडारा-गोंदिया पट्ट्यातील हा जुना गृहोद्योग असून मजुरी हजार बिड्यांवर ठरते. कार्ड एकाच्या नावाचे असले तरी पाने कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे या कामांत घरातील अनेक हात गुंतलेले असतात. अशा घरातील स्त्रीला वेदनेचा झटका आला, तर तिच्या वाट्याच्या बिड्या मुलगी वळते. आठवड्याअखेर कार्डावरील आकडा पूर्वीइतकाच दिसतो. वेतनावर आधारलेल्या मोजणीनुसार येथे हानी शून्य ! वस्तुतः हानी झालेली असते, पण ती मुलीच्या शाळेच्या हजेरीत किंवा तिच्या झोपेत उतरलेली असते. शिवाय झटका ओसरल्यावरही कित्येक दिवस रोगी निम्म्या गतीने काम करतो. हजेरीपुस्तकाला ‘निम्मा दिवस आजारी’ ही अवस्था ठाऊक नाही. उलट, हजारी मजुरीच्या दैनंदिन नोंदी आणि घरातील कोण किती वेळ बसले याची चौकशी यांची सांगड घातली, तर ही आंशिक हानी कारखान्यातील हजेरीपेक्षाही बारकाईने मोजता येईल. या नोंदींकडे संशोधकांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

आता औषधाकडे वळू. हायड्रॉक्सियुरिया हा पदार्थ १८६९ सालीच प्रयोगशाळेत तयार झाला होता आणि पुढे कर्करोगावर वापरला गेला. सिकलसेलवरील त्याचा उपयोग मात्र अमेरिकेतील २९९ प्रौढ रोग्यांवरील चाचणीने १९९५ मध्ये सिद्ध झाला : वर्षातील झटक्यांची मध्यका ४.५ वरून २.५ वर आली. नागपूर येथे बालरोग्यांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शरीरभाराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेनेही झटके, रक्त चढविण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातील मुक्काम यांत लक्षणीय घट आढळली. औषध जुने, एकस्वमुक्त आणि म्हणून स्वस्त. ही चाचणी अमेरिकेत सार्वजनिक निधीतून झाली, यात नवल नाही. बर्टन वाइजब्रॉड यांनी १९९१ मध्ये दाखविल्याप्रमाणे, विमा कशाचे पैसे देणार यावर कोणते तंत्रज्ञान शोधले जाईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते; स्वस्त जुन्या औषधाच्या नव्या उपयोगात उद्योजकाला गोडी नसते.

गोडी कोठे असते, हे जनुकसंपादनाच्या उपचारावरून दिसते. ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला ब्रिटन व अमेरिका यांनी २०२३ च्या अखेरीस मान्यता दिली. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत प्रत्येक रोग्यामागे २२ लाख डॉलर होती. भारतातही दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेने विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही स्वदेशी पद्धती २०२५ साली जाहीर झाली व ती पुष्कळ स्वस्त पडेल अशी अपेक्षा आहे. तथापि असा उपचार प्रबळ रसायनोपचार आणि दीर्घ रुग्णालयवास यांवाचून होत नाही. तो काळ रोजंदारीच्या घराने कसा काढावयाचा, ही बाब किमतीत धरली जात नाही.

तीच गोष्ट लहान प्रमाणात स्वस्त औषधालाही लागू पडते. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याचे रक्त ठराविक मुदतीने तपासावे लागते, आणि रोग्याच्या दृष्टीने खरा परिव्यय गोळीचा नसून त्या फेरीचा असतो : प्रवासभाडे अधिक बुडालेली मजुरी. येथे कुडव्याचे स्थान अभ्यासकाला उपयोगी पडेल. हे गाव गोंदिया शहराला लागूनच असून जिल्ह्याचे मोठे रुग्णालय आणि २०१६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील रोग्याला तपासणीसाठी अख्खा दिवस आणि भाडे द्यावे लागते. कुडव्याच्या रोग्याला अर्धा दिवस पुरावा. औषध तेच, जिल्हा तोच, अंतर मात्र निराळे. अंतर जवळजवळ नाहीसे झाल्यावरही जर कुडव्यातील रोगी मध्येच औषध सोडत असतील, तर कारण अंतरात नसून मजुरीच्या रचनेत शोधावे लागेल. दोन्ही वस्त्यांची अशी तुलना पदव्युत्तर प्रबंधासाठी कठीण नाही. अर्थात व्यवसाय आणि शिक्षण यांतील फरक वेगळे काढण्याची काळजी घ्यावी लागेल.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. बोटातील रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत निष्कर्ष देणाऱ्या चाचण्यांमुळे असा व्याप शक्य झाला, यात शंका नाही. पण चाचणीचा लाभ तिच्या निष्कर्षानंतर काय होते यावर ठरतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रोगी होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा चाचणीचा मोठा लाभ पुढल्या पिढीत पडतो आणि वटावाचा दर थोडा चढा धरला की तो कागदावर नगण्य होतो. चाचणीचा सामाजिक परिव्यय मात्र ताबडतोब भरावा लागतो, आणि तो बहुधा विवाहयोग्य मुलीच्या वाट्याला येतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे गावोगाव समजावून सांगण्याचा खर्च म्हणूनच चाचणीच्या परिव्ययात धरला पाहिजे.

राहता राहिला बुडालेल्या मजुरीचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्याच्या उपचाराचा भार उचलते. घरी अंथरुणावर काढलेल्या आठवड्याचा विचार तिच्यात नाही. आजारपणातील वेतनभत्त्याची कल्पना कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याने आणली, पण ती आस्थापनेतील कामगारापुरती. तेंदूपान तोडणारी किंवा रोवणी करणारी स्त्री तिच्या कक्षेत आली नाही. दिव्यांग व्यक्ती अधिकार अधिनियम, २०१६ याने सिकलसेल रोगाला दिव्यांगत्वाच्या सूचीत स्थान दिले. मात्र शासकीय सेवेतील ४ टक्के आरक्षण ज्या गटांसाठी आहे, त्यांत रक्तविकारांचा समावेश नाही. म्हणजे सावलीत बसून करावयाचे काम, जे या रोगावरील एक प्रकारचे औषधच होय, कायद्याने रोग्याला मिळवून दिलेले नाही. रोजच्या गोळीने टळलेले झटके आणि उन्हाचिखलातून सुटका करणाऱ्या नोकरीने टळलेले झटके यांचा परिव्यय शेजारी मांडून पाहणारा अभ्यास विदर्भातील अर्थशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहे. रोवणीच्या हंगामापूर्वी व हंगामानंतर त्याच घरांची दोनदा पाहणी करणे, ही त्याची पहिली अट.