तबकडी फिरविणारे यंत्र कसे निवडावे

माझा एक भाचा कापड्याला राहतो आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून राबतो. लग्नसराईत डीजे होऊन चार पैसे मिळवावेत या हिशेबाने त्याने कर्ज काढले व दोन टर्नटेबले घेतली. दुकानदाराने ती 'व्यावसायिक' म्हणून दाखविली होती. पहिल्याच रात्री तो मला म्हणाला, "मामा, थाळी हाताने थांबवली की परत वेग धरीत नाही. गाणं घसरतं." दुकानदाराने माल परत घेतला नाही, हप्ते मात्र चालू राहिले. हत्यार चुकले की मजुरी बुडते, हे कारखान्यातले सत्य येथेही लागू आहे. तेव्हा या यंत्राचा विचार हत्यार म्हणूनच करू.

ग्रामोफोन आपल्याला नवा नाही. आमच्या लहानपणी लग्नात कर्णेवाला येई, आंब्याला कर्णा बांधी आणि तबकडीवर सुई ठेवी. सुई ठेवली की तबकडी संपेपर्यंत त्याला विसावा. डीजेचे काम मात्र तेथूनच सुरू होते. एका यंत्रावर गाणे चालू असता दुसऱ्यावरचे गाणे तो त्याच्या तालाला जुळवितो. तबकडी धरतो, मागे ओढतो, सोडतो. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून नाचाचा तुकडा लांबवीत नेला. दिवाणखान्यात ऐकण्यासाठी केलेले यंत्र असे गरीब वस्तीत कामाला जुंपले गेले.

आता मुख्य गोष्ट, मोटर. काही यंत्रांत मोटर बाजूला असते व रबरी पट्टा थाळी फिरवितो. मोटरची थरथर पट्ट्यात जिरते, म्हणून घरी शांतपणे ऐकणाऱ्यास हे यंत्र चांगले. परंतु थाळीला हात लावला की पट्टा घसरतो, ताणतो, आणि वेग सावकाश परततो. भाच्याची यंत्रे याच जातीची होती. दुसऱ्या प्रकारात थाळी थेट मोटरच्या आसावर बसते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७० साली असे यंत्र बाजारात आणले. १९७२ साली एसएल-१२०० आले आणि १९७९ साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती. ही आवृत्ती सुमारे पाऊण सेकंदात पूर्ण वेग घेते. २०१० साली उत्पादन थांबले, २०१६ पासून पुन्हा सुरू झाले. इतर कंपन्याही थेट मोटरची यंत्रे करतात. तात्पर्य, नाव कोणतेही असो, डीजेला थेट मोटरच हवी.

दुसरी गोष्ट, वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी. समजा, चालू गाण्यात मिनिटाला १२० ठोके आहेत आणि पुढच्यात १२६. पहिले पाच टक्क्यांनी वाढविले की दोन्ही जुळली. पट्टी आठ टक्क्यांची असेल तर १२० चे साधारण १२९ पर्यंत नेता येते. १३२ पर्यंत नाही. आपली गाणी कोणत्या चालीची, याचा हिशेब आधी मांडावा.

तिसरी गोष्ट, सुई व तिचा दांडा. तबकडी मागेपुढे ओढताना सुई खोबणीतून उडू नये म्हणून डीजेची सुई तीन-चार ग्रॅम भाराने टेकविता येईल अशी लागते. भार वाढला की तबकडी लवकर झिजते. ती किंमत धरूनच चालावे. तबकडीखाली रबराऐवजी नमद्याची पातळ चकती घालावी, म्हणजे तबकडी धरली तरी खालची थाळी फिरत राहते.

दुकानात भीड धरू नये. यंत्र चालू करून घ्यावे. थाळी बोटाने थांबवून सोडावी व वेग पाहावा. दांडा हलक्या हाताने हलवून सांध्यात खुळखुळ आहे काय ते तपासावे. सुई आणि सुटे भाग कोठे मिळतील, दुरुस्ती कोण करील, माल परत घेण्याची मुदत किती, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाला आमच्या युनियनच्या कामातही कधी किंमत आली नाही.

आणि सर्वांत आधी स्वतःस विचारावे, हे यंत्र मला लागते काय? आजचे बहुतेक डीजे संगणक व कंट्रोलर यांवर काम करतात आणि लग्नाच्या मांडवात त्याने काही अडत नाही. ज्याला तबकडीवर हात बसवायचा आहे, त्यानेच दोन टर्नटेबले व मिक्सर यांचा खर्च करावा. आणि तोही एखाद्या जाणत्याच्या यंत्रावर महिनाभर हात चालवून पाहिल्यावर. माझ्या भाच्याने हे उलट्या क्रमाने केले. त्याची दोन्ही यंत्रे आज घरी भजने ऐकण्याच्या कामी येतात. त्या कामाला ती उत्तम आहेत.