खरं युद्ध पाहिलेला खेळाडू : डोनाल्ड फेदरस्टोन

टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाई खेळायची, हा प्रौढांचा छंद इंग्लंडमध्ये रुजवण्यात डोनाल्ड फेदरस्टोन (१९१८–२०१३) यांचा वाटा मोठा. ‘वॉर गेम्स’ हे त्यांचं पुस्तक १९६२चं. एच. जी. वेल्सचं त्याआधीचं, १९१३चं; पण ते असो. आता बघा, फेदरस्टोन दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते, पुढे साउदॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट. अशा माणसानं युद्धाचा खेळ का करावा? मला वाटतं, उत्तर फाशांत आहे. सेनापती पट्टीनं अंतर मोजतो, बेत आखतो. तुकडी टिकेल की पळेल, हे मात्र फासा सांगतो. बुद्धिबळातलं प्यादं कधी घाबरत नाही. इथला शिपाई घाबरतो, हुकूम मोडून मागे फिरतो. रणगाड्यात बसून आलेल्याला हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नसणार.