अपहाराचा तपास आणि तपासनिसाची मर्यादा

अपहाराच्या तपासास पोलिसी धाडस पुरत नाही, हिशेब वाचण्याची विद्या लागते, हे कौटिल्याने ओळखले होते. तंजावर भागातील एका पंडिताकडून आलेल्या पोथीवरून १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रात अपहाराचे ४० प्रकार मोजलेले आहेत. त्याहून लक्षणीय हे की, आरोप सिद्ध न करू शकणाऱ्या सूचकासही तेथे दंड सांगितला आहे.

चेन्नईत हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. ठेवी बुडविणाऱ्या वित्तसंस्थांविरुद्ध तमिळनाडूने १९९७ साली कायदा केला. त्यान्वये शासन मालमत्ता जप्त करते. ती जप्ती कायम करावी की नाही, हे मात्र विशेष न्यायालय ठरविते. तपासयंत्रणेवरील खरा अंकुश तो हाच, असे मला वाटते. महाराष्ट्राचा १९९९ चा तत्सम कायदा, विषय केंद्राच्या अधिकारातील म्हणून, मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अवैध ठरविला. मद्रास उच्च न्यायालयाने २००७ साली तमिळनाडूचा कायदा उचलून धरला आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासचेच मत ग्राह्य मानले. अर्थात जप्ती म्हणजे परतफेड नव्हे. लिलाव होऊन रक्कम वाटली जाईपर्यंत ठेवीदारास थांबावेच लागते.