काटा नेमकं कशाचं तापमान सांगतो?

आज न्यायशास्त्रातली ‘उपाधी’ ही कल्पना समजून घ्यायची आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहे मोटारीच्या इंजिनाचं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान तुम्हाला माहीत आहे. उलट दिशेने मात्र ते चालत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, अनुमानात गुपचूप दडलेली अट.

आता गाडीत बसा. समोरचा काटा मधोमध आहे, म्हणून इंजिन ठीक आहे, असं आपण म्हणतो. इथेही अट दडलेली आहे. काट्याला इंजिन दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त सेन्सरच्या टोकाचं तापमान. टोकातल्या थर्मिस्टरचा विद्युतरोध तापल्यावर कमी होतो, बस्स, एवढंच तो सांगतो. मग ते टोक कुठे बसवलंय, हाच खरा प्रश्न.

नव्या गाड्यांत कंपनीने जागा ठरवलेली असते. पण जुन्या गाडीला वेगळा गेज लावणारे बरेच असतात. नव्या गाडीवालेही लावतात, कारण अनेक गाड्यांत काटा बऱ्याच मोठ्या तापमान-पट्ट्यात मुद्दाम मधोमधच धरून ठेवलेला असतो. तो आपल्याला धीर देतो, माहिती देत नाही! अशा वेळी सोपा उपाय म्हणून रेडिएटरचा वरचा होज कापून त्यात धातूचा अडॅप्टर घालतात आणि सेन्सर त्यात बसवतात. काम पाऊण तासाचं. दोष काय? पुष्कळ इंजिनांत हा होज थर्मोस्टॅटच्या पलीकडे असतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो, तोवर गरम पाणी तिकडे फारसं जातच नाही. समजा तो बंद अवस्थेतच अडकला. आत हेडमधलं पाणी उकळतंय आणि काटा सांगतोय, इंजिन अजून थंड आहे. खालच्या होजमध्ये तर रेडिएटरने निववलेलं पाणी असतं. तिथला आकडा रेडिएटरच्या कामाचा दाखला म्हणून ठीक आहे, इंजिनाचा नव्हे.

म्हणून जागा हवी ती सिलिंडर हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे. सगळ्यात जास्त उष्णता घेतलेलं पाणी तिथूनच जातं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पंपाच्या बाजूला, पाणी आत येण्याच्या वाटेवर असतो. तरीही सेन्सरची जागा हेडच्या निकासापाशीच. टोक वाहत्या पाण्यात पूर्ण बुडायला हवं, हवेचा बुडबुडा साठणाऱ्या उंच कोपऱ्यात नको. आणखी एक बारीक गोष्ट: एका वायरचा सेन्सर आपलं अर्थिंग इंजिनाच्या धातूतून घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, किंवा रबरी होजमधल्या अडॅप्टरला अर्थिंगची वायर दिली नाही, तर आकडा खोटा येतो.

एवढं करूनही एक उपाधी उरतेच, आणि ती महाग पडते. पाणीच नसेल तर? घाट चढताना होज फुटला, पाणी गेलं, टोक हवेत राहिलं. हवा धातूची उष्णता पाण्यासारखी टोकापर्यंत पोचवत नाही. त्यामुळे काटा खाली येऊ शकतो. चालवणाऱ्याला हायसं वाटतं आणि तो तसाच पुढे जातो. तोवर हेड वाकतं, गॅस्केट जातं. फोर्डच्या काही इंजिनांत यावर उपाय म्हणून सेन्सर पाण्यात न ठेवता थेट हेडच्या धातूत बसवलेला असतो. पाणी गेलं तरी धातू तापलेलाच, आणि तो तसं सांगतो. स्वतंत्र गेज लावणाऱ्यांनी कूलंटची पातळी दाखवणारा स्विचही लावावा, असं माझं मत आहे. एका साक्षीदारावर खटला चालवू नये.

तेव्हा चढावर काटा एकाएकी खाली आला, किंवा हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर आनंद मानू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. आणि टोपण लगेच उघडू नका. दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही न उकळता थांबलेलं असू शकतं. टोपण सैल झालं की ते तोंडावर येतं. इंजिन हाताला सोसेल इतकं निवू द्या, मग पातळी बघा.