रंगांचे कारखाने आणि मूत्राशय

फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये कृत्रिम रंगांच्या कारखान्यातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. श्वासावाटे आणि त्वचेतून शरीरात शिरणारे रसायन मूत्राशयालाच का बाधावे, हे कोडे होते. पुढे संशय बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनावर आला. परंतु ससे, उंदीर यांसारख्या प्राण्यांच्या मूत्राशयात तशा गाठी सहसा आढळेनात. तेवढ्यावर ते निर्धोक ठरवणे किती घातक ठरले असते! १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ते कुत्र्यांना दीर्घकाळ दिले, तेव्हा त्यांच्या मूत्राशयात कर्करोग उद्भवला.

हा फरक रसायनाच्या शरीरातील प्रवासामुळे पडतो. यकृतात त्याला अ‍ॅसिटिल गट जोडला गेला, तर त्याची घातकता घटते. कुत्र्याच्या शरीरात ही क्षमता नसते. माणसांत ती कमी-अधिक असते. यकृतात तयार झालेले घातक रूप मूत्राबरोबर मूत्राशयात येते, तेथे साचते आणि अस्तराच्या पेशींतील डीएनएला इजा करते. यकृतातून नुसते जाणारे संकट असे मूत्राशयात मुक्काम करते.

कुत्र्यांवरील या प्रयोगानंतरही ब्रिटनमध्ये या रसायनावर कायदेशीर बंदी येण्यास १९६७ साल उजाडावे लागले.